सोंग, नक्कल आणि तोतया : नाममुद्रेच्या मालकीचा प्रश्न

उल्हासनगरविषयी महाराष्ट्रात जी एक संहिता सर्वतोमुखी आहे, ती जेमतेम एका वाक्याची आहे. वस्तूवर 'मेड इन यूएसए' असे छापलेले असते, आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. हा विनोद आपण सर्वांनी ऐकलेला आहे, बहुतेकांनी सांगितलेलाही आहे. तो विनोद म्हणून खर्ची पडल्यामुळे त्याच्याकडे संहिता म्हणून पाहण्याचे कष्ट समीक्षेने घेतलेले नाहीत. प्रस्तुत लेखाचा प्रारंभ तेथून करण्याचे कारण असे, की व्यापारचिन्हांचा कायदा आणि साहित्यसमीक्षा यांच्या सीमेवरचे जवळजवळ सर्व प्रश्न या एका वाक्यात दडलेले आहेत.

विनोदाची रचना श्लेषाची आहे. वस्तूवरची अक्षरे शब्दशः खोटी नाहीत, कारण तीन आद्याक्षरांचा विस्तार वाचणाऱ्यावर सोडलेला आहे. खोटेपणा अक्षरांत नसून वाचनात घडतो आणि त्याची जबाबदारी वाचकावर ढकलली जाते. तशी संस्था खरोखर होती की नव्हती हा प्रश्न श्लेषाला गैरलागू आहे. विनोद तिला निर्माण करतो आणि तेवढ्याने त्याचे भागते. दुसरी गोष्ट, हा विनोद कोण सांगतो? फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन पडलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही येथे पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर' सांगावा लागतो. ज्या समाजाचे मूळ स्थानच हिरावले गेले, त्याच्या मालाच्या मूळ स्थानाबद्दल इतरांनी थट्टा करावी यात पूर्वग्रहाचा अंश आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हाच विनोद उल्हासनगरचे लोकही सांगतात, तेव्हा त्याचा स्वर बदलतो. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाची आद्याक्षरे आपण वापरायला घेतली, असा एक मिश्कील अभिमान त्यात येतो.

कायद्याला मात्र श्लेषाशी कर्तव्य नसते. त्याचा एक ठरलेला वाचक आहे आणि तो कोण, हे सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल १९६२ रोजी 'अमृतधारा' खटल्यात सांगून ठेवले आहे. 'अमृतधारा' या औषधाच्या मालकांनी 'लक्ष्मणधारा' या नावाच्या नोंदणीस हरकत घेतली होती. दोन्ही सामासिक शब्द. एकाचा विग्रह करता अमृताची धारा मिळते, दुसऱ्याचा करता लक्ष्मणाची. मराठी किंवा संस्कृतच्या अध्यापकाला या दोन शब्दांत गोंधळ होण्याचे कारण दिसणार नाही. न्यायालयाने मात्र असे मानले, की साधारण बुद्धीचा आणि अपुऱ्या स्मरणाचा गिऱ्हाईक समासाचा विग्रह करीत बसत नाही. तो नावाचा एकंदर नाद आणि घडण ध्यानात ठेवतो, आणि त्या पातळीवर ही दोन नावे एकमेकांसारखी आहेत. (लक्ष्मणधारेला पुढे उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली, ती वेगळ्या कारणाने : अमृतधारेचे मालक बराच काळ ते नाव पाहत स्वस्थ बसले होते.)

समीक्षेच्या दृष्टीने हा निर्णय विलक्षण आहे. आपल्या सिद्धान्तांतला वाचक सहृदय आहे, जाणकार आहे, पुन्हा पुन्हा वाचणारा आहे. संस्कृत काव्यशास्त्रापासून पाश्चात्त्य वाचककेंद्री समीक्षेपर्यंत घाईत असलेला, अर्धवट आठवणारा वाचक कोणी गंभीरपणे घेतलेला नाही. कायद्याने त्यालाच प्रमाण मानले आहे. १९२३ साली स्थापन झालेल्या 'विम्को'चा आगपेट्यांचा कारखाना ही अंबरनाथची एके काळची ओळख. काडेपेटीवरचे चित्र बोटभर आकाराचे. ते गिऱ्हाईक क्षणभर पाहते, वरचे अक्षर वाचतेच असे नाही. आपल्याकडे व्यापारचिन्हाला लोक 'छाप' म्हणतात आणि काडेपेटीपासून विडीपर्यंत सारे व्यवहार छापेवर चालत आले. छाप उमटते, छाप पडते. वाचन या क्रियेची गरज त्या शब्दात गृहीतच धरलेली नाही. 'व्यापारचिन्ह' या शासकीय शब्दापेक्षा कायद्याचा आशय या बोली शब्दाने अधिक नेमका पकडला आहे, असे मला वाटते.

मात्र कायद्याचा हा घाईतला वाचक आणि उल्हासनगरच्या बाजारातले गिऱ्हाईक एक नव्हे. काही वर्षांपूर्वी वर्गात रोलाँ बार्थच्या चिन्हमीमांसेवर बोलत असताना एका विद्यार्थ्याच्या जीन्सवरची परदेशी छाप मी उदाहरणादाखल घेतली आणि अंमळ अध्यापकी थाटात म्हणालो, की ही छाप तुम्हांला फसवते. विद्यार्थी कॅम्प पाचचा. तेथल्या जीन्सच्या कारखान्यांत घरची माणसे काम करीत असलेला. तो शांतपणे म्हणाला, "मी कुठे फसलोय, सर? ही कुठे शिवली ते मला माहीत आहे. फसायचं असेल तर गाडीत समोर बसलेला फसेल."

त्या दिवशी माझा पाठ पुढे सरकला नाही. कायद्यात आणि चिन्हमीमांसेतही विकणारा आणि विकत घेणारा असे दोघे कल्पिलेले असतात. विद्यार्थ्याने तिसरा आणला. येथे विकत घेणारा हा चिन्हाचा ग्राहक नाहीच, तो विक्रेत्याचा साथीदार आहे, आणि दोघे मिळून लोकलच्या डब्यातल्या अनोळखी प्रेक्षकासमोर एक प्रयोग करीत आहेत. हा प्रयोग सोंगाचा म्हणायचा की फसवणुकीचा?

मराठीत या प्रदेशासाठी निदान तीन शब्द आहेत आणि ते समानार्थी नाहीत. सोंग म्हणजे पाहणाऱ्यास ठाऊक असलेले रूपांतर. बहुरूप्याने फौजदाराचा वेष घेतला तर दारातली माणसे हसतात आणि पैसे देतात. तमाशातला सोंगाड्या राजा होतो तेव्हा तो राजा नाही हे ठाऊक असण्यातच रंग आहे. तोतया त्याच्या नेमका उलट. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून उभा राहिलेला तोतया १७७६ साली मारला गेला, आणि न. चिं. केळकरांना 'तोतयाचे बंड' लिहावेसे वाटले ते त्या फसवणुकीमागे राज्य गिळण्याची शक्यता होती म्हणून. नक्कल हा शब्द या दोहोंच्या मधला. कचेरीतली नक्कल प्रमाणित असते, नकलाकाराची हास्यास्पद असते, बाजारातली निंद्य असते. इंग्रजीतून आलेल्या आपल्या कायद्यात या साऱ्यांना उल्लंघन असे एकच नाव आहे. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे एवढेच, की करमणूक, खेळ आणि जाहिरात यांतल्या नामहक्कांचा विचार करताना सोंग आणि तोतया यांतला भेद हा पहिला निकष असायला हवा, आणि तो निकष आपल्या वाङ्मयव्यवहारात पूर्वीपासून आहे.

संतकाव्याची नाममुद्रा पाहावी. 'तुका म्हणे' हे शब्द अभंगाच्या शेवटी येतात आणि रचनेचा उगम सांगतात. उगम सांगणे हेच व्यापारचिन्हाचेही पहिले कार्य. पण या मुद्रेला कुलूप नव्हते. कोणीही अभंग रचून तिच्याखाली ठेवू शकत होता, आणि अनेकांनी ठेवले. इंदुप्रकाशने १८६९ ते ७३ या काळात सिद्ध केलेल्या गाथेपासून आजपर्यंत संपादकांचा किती काळ प्रक्षिप्त निवडण्यात गेला! 'नामा' या मुद्रेखाली नामदेव कोणते आणि विष्णुदास नामा कोणता हा वाद, ज्ञानदेव एक की दोन हा शिवरामपंत भारद्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभा केलेला वाद, हे सारे मुद्रेचे वाद आहेत. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हे अनामिक रचनाकार वाङ्मयचोर नव्हते. चोर दुसऱ्याच्या रचनेवर आपले नाव घालतो. हे आपल्या रचनेवर दुसऱ्याचे नाव घालीत होते. कायद्याच्या भाषेत हा आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवण्याचा गुन्हा. परंपरेच्या भाषेत तो स्वतःच्या नावाचा त्याग.

परंपरा मालकीच्या बाबतीत अगदीच भाबडी होती, असा मात्र याचा अर्थ करू नये. सालोमालोची कथा आहेच. तुकोबांच्या अभंगांतली मुद्रा काढून तो आपली घालीत असे ही आख्यायिका, आणि प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये (१९३६) तर तो उलट तुकोबांवरच चोरीचा आळ घेतो. देशीवादी उत्साहात 'आपल्याकडे स्वामित्वाची कल्पनाच नव्हती' असे जे लिहिले जाते, ते सालोमालोच्या तोंडावर टिकत नाही. नाव पुसणे निंद्य होते, नाव वापरणे तितके नव्हते, असा भेद होता.

त्याच चित्रपटात दुसरे एक उदाहरण आहे आणि ते अधिक बोलके आहे. शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी बीज आणि वृक्ष यांच्या दृष्टांतावर एक गीत लिहिले. त्यात तुकोबांची मुद्रा नाही. तरीही ते तुकोबांचेच म्हणून अनेकांनी मानले. आठवल्यांनी छाप उचलली नव्हती, वळण उचलले होते. वळणावर कोणाची मालकी नसते. कृतिस्वामित्वाचा कायदा कल्पनेला आणि शैलीला संरक्षण देत नाही, विशिष्ट अभिव्यक्तीला देतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या नाटकाच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. आठवल्यांचे गीत सोंग होते की तोतया? चित्रपटाच्या प्रेक्षकाला पडद्यावरचा तुकाराम नट आहे हे ठाऊक होते. गीताविषयी मात्र ते ठाऊक नव्हते. तरी त्याबद्दल आपल्याला आठवल्यांचे कौतुकच वाटते, आणि ते वाटणे योग्य आहे. माझा निकष सर्वत्र सरळ लागू पडत नाही हे येथेच कबूल केलेले बरे.

शीर्षकांचा विचार थोडक्यात उरकता येईल, कारण तेथे न्यायालयाने पुरेसा शहाणपणा दाखवला आहे. 'देसी बॉइज' या चित्रपटाच्या नावावर श्याम विठ्ठलराव देवकत्ता यांनी आपल्या कथासारांशाच्या शीर्षकाच्या आधारे हक्क सांगितला होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शीर्षकात कृतिस्वामित्व नसते असा निर्णय दिला. दोन सामान्य शब्द जोडल्याने साहित्यकृती होत नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत श्रीराम राघवन यांचा 'बदलापूर' प्रदर्शित झाला. मूळ कादंबरी इटालियन, मास्सिमो कार्लोत्तो यांची. नाव आमच्या शेजारच्या गावाचे, आणि त्यातला श्लेष हिंदीचा. येथेही पुन्हा श्लेषच! गावाच्या नावाची जी व्युत्पत्ती बदलापूरकर सांगतात ती घोडे बदलण्याच्या ठिकाणाची. सूडाशी तिचा संबंध नाही. चित्रपटाने गावाचे नाव घेतले, त्याला दुसरा अर्थ चिकटवला आणि गावाला कोणी विचारले नाही. ते तसेच असायला हवे. नाव सर्वांचे असते म्हणूनच ते कथेला मिळू शकते.

आता वर्तमानातल्या खऱ्या अडचणीकडे वळतो. गेल्या दोन दशकांत आपल्या न्यायालयांनी प्रसिद्ध व्यक्तीचे नाव, चेहरा, आवाज, लकब यांवरचा एक हक्क घडवत आणला आहे. त्याला व्यक्तित्वहक्क म्हणतात. कोणत्याही एका कायद्यात तो सलग सांगितलेला नाही. खासगीपणा, व्यापारचिन्ह, कलावंताचे १९९४ आणि २०१२च्या दुरुस्त्यांनी आलेले हक्क यांच्या तुकड्यांतून तो शिवलेला आहे. मिशेल फूकोने १९६९च्या प्रसिद्ध व्याख्यानात लेखक हे एक कार्य आहे असे मांडले आणि त्या कार्याचा उगम दंड व मालकी यांच्याशी जोडला. आज 'व्यक्ती' हेही तसेच एक कार्य होत आहे.

या हक्काचा काही भाग निःसंशय न्याय्य आहे. आपले नाव, छायाचित्र आणि आवाज वापरणाऱ्या बनावट जाहिरातींबद्दल सचिन तेंडुलकर यांनी मे २०२३ मध्ये मुंबई पोलिसांकडे तक्रार केली. जानेवारी २०२४ मध्ये एका खेळाच्या ॲपची भलामण करणारी त्यांची यंत्रनिर्मित चित्रफीत पसरली, तेव्हा ती खोटी असल्याचे त्यांना स्वतः सांगावे लागले. हा शुद्ध तोतया आहे. पाहणाऱ्याने ते खरे मानावे आणि पैसे गुंतवावेत हाच त्यामागचा हेतू.

आशा भोसले यांच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये दिलेला अंतरिम आदेश अधिक सूक्ष्म आहे. कोणाच्याही आवाजाचे रूपांतर त्यांच्या आवाजात करून देणारी साधने त्यांच्या संमतीवाचून पुरवणे हे व्यक्तित्वहक्काचे उल्लंघन ठरते, असे न्यायालयाने मानले. त्याआधी जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना याच न्यायालयाने असेच संरक्षण दिले होते. मला हा आदेश योग्य वाटतो. पण तो वाचताना कल्याणपासून बदलापूरपर्यंत गणपतीच्या मंडपांतून गाणाऱ्या ऑर्केस्ट्रातल्या गायिका डोळ्यांपुढे येतात. आशाबाईंच्या हरकती, श्वास, शब्दांवरचा लाडिक दाब हे सारे त्यांनी वर्षानुवर्षे गिरवलेले असते. तेही आवाजाचे अनुकरणच. भेद असा, की मंडपात समोर कोण उभी आहे हे श्रोत्यांना दिसते, आणि त्या गायिकेने स्वतःचा गळा त्यात घातलेला असतो. वाल्टर बेंजामिनने यांत्रिक पुनरुत्पादनात कलाकृतीचे वलय हरपते असे म्हटले. मंडपातली गायिका वलय उसने घेते आणि त्याची परतफेड आपल्या श्रमाने करते. यंत्राच्या साधनात परतफेड करणारे कोणी नाही. हा भेद आदेशाच्या शब्दांत ठळक झाला नाही, तर उद्या एखाद्या कंपनीचा वकील मंडपापर्यंतही पोचेल.

आणि मग 'भिडू'. दिल्ली उच्च न्यायालयाने १५ मे २०२४ रोजी जॅकी श्रॉफ यांना अंतरिम संरक्षण दिले. दाव्यात त्यांचे नाव, चेहरा, आवाज यांच्याबरोबर 'जग्गू दादा' आणि 'भिडू' या शब्दांचाही समावेश होता. 'भिडू'वर नोंदणीकृत व्यापारचिन्हाचा आधारही सांगितलेला होता, आणि प्रतिवादींत हे नाव लावणारे एक खाद्यगृह होते. त्यांचे चित्र छापून वस्तू विकणाऱ्यांना न्यायालयाने रोखले, त्याबद्दल तक्रार नाही. त्यांच्या मुलाखतींचे तुकडे जोडून गंमत करणाऱ्या एका चित्रफितीला मात्र प्रथमदर्शनी थांबवले नाही. तेथे न्यायालयाने सोंग ओळखले, असे म्हणता येईल. एप्रिल २०२३ मध्ये क्रिकेटपटूंच्या डिजिटल पत्त्यांच्या खटल्यात याच न्यायालयाने विडंबन, व्यंग आणि सर्वांस उपलब्ध असलेली माहिती या हक्काच्या बाहेर ठेवली होती, त्याला हे धरूनच आहे.

प्रश्न शब्दाचा आहे. भिडू हा मराठी शब्द. खो-खोत, विटीदांडूत, पत्त्यांच्या डावात आपल्या बाजूने खेळणारा तो भिडू. संघ पाडताना भिडू वाटून घेतात, भिडू कच्चा असला तर डाव जातो. मुंबईच्या गिरणगावातून आणि चाळींतून हा शब्द बंबैया हिंदीत गेला, तेथून पडद्यावर गेला, आणि एका नटाच्या तोंडी तो इतका शोभला की ऐकणाऱ्यास तो नट आठवू लागला. नटाचे हे कर्तृत्व खरे आहे. पण त्याने शब्द घडवलेला नाही, त्याला तो आयता मिळाला. ज्यांनी घडवला त्यांची नावे कोणत्याही नोंदवहीत नाहीत.

कायद्यातच याचे उत्तर आहे. १९९९च्या व्यापारचिन्ह अधिनियमाचे नववे कलम चालू भाषेत रूढ झालेल्या चिन्हांना नोंदणी नाकारते. परंतु वापरामुळे चिन्हाला वेगळी ओळख मिळाली असेल तर ती नोंदणी देण्याची वाटही तेच कलम ठेवते. मग 'चालू भाषा' म्हणजे कोणती, हे ठरवायचे कोणी? नोंदणी कार्यालयात बसलेल्या अधिकाऱ्याला 'भिडू' हा चित्रपटातला शब्द वाटू शकतो, जसा पुष्कळ मराठी विद्यार्थ्यांनाही आज वाटतो. वर्गात विचारून पाहावे. शब्दाची पहिली आठवण मैदानाची न येता पडद्याची येते. म्हणजे नोंदणीच्या आधीच आठवणीने मालक बदललेला असतो, आणि अपुऱ्या स्मरणाचा वाचक प्रमाण मानणारा कायदा ती आठवणच पुरावा म्हणून स्वीकारील. बोलीकोश, खेळांची परिभाषा, लोकव्यवहारातील प्रयोगांच्या तारीखवार नोंदी हे मराठीच्या विभागांचे दुय्यम समजले गेलेले काम येथे एकाएकी न्यायालयीन महत्त्वाचे ठरते. कृतिस्वामित्व कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी संपते. व्यापारचिन्हाची नोंदणी दर दहा वर्षांनी नवी करता येते आणि तिला शेवट नाही. तुकोबांचा अभंग मुक्त आहे. 'भिडू' कदाचित नसेल.

विद्यार्थ्याच्या जीन्सचा प्रश्न उरलाच. समोरच्या बाकावरचा प्रवासी फसतो, पण त्याचे जाते काय? औषधाच्या नावात गोंधळ झाला तर जीव जातो, आणि म्हणून कॅडिला खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने औषधांसाठी कसोटी कडक केली. जीन्सच्या बाबतीत जाते ते छापेच्या मालकाचे दुर्मीळपण. ते मोलाचे आहे की नाही यावर माझे आणि कायद्याचे एकमत नाही. कायदा मात्र स्पष्ट आहे : खोटी छाप लावण्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद. ही शिक्षा व्हायची ती शिवणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला, मिरवणाऱ्याला नव्हे. प्रयोगात दोघे सामील असताना एकटाच पात्र धरला जातो, हे समीक्षेने निदान नोंदवावे.

नाव पुढे नेण्याची एक रीत तमाशाच्या फडांत आहे. 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर' असा फलक लागतो. मंगला बनसोडे यांच्या फडाची ओळख विठाबाई नारायणगावकरांची कन्या म्हणून करून दिली जाते. आईचे नाव ही फडाची पत आहे हे कोणी लपवीत नाही, आणि आज रंगमंचावर कोण उभे राहणार हेही लपवीत नाही. व्यक्तित्वहक्क मृत्यूनंतर वारसांकडे जातो की नाही याविषयी आपली न्यायालये अजून चाचपडत आहेत. जयललितांवरील चित्रपटाच्या खटल्यात मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ साली तो जात नाही असे मानले, सुशांतसिंग राजपूत यांच्या बाबतीत दिल्लीने २०२३ साली तसेच मानले. दिवंगत गायकांचे आवाज यंत्रातून नव्याने गाऊ लागल्यावर हा प्रश्न मराठी संगीतापुढेही येणार आहे. त्या वेळी ध्वनिफितीच्या वेष्टनावर काय लिहायचे हे ठरवताना कायदेपंडितांनी तमाशाच्या फलकावरचा 'सह' पाहून घ्यावा.